हवा बदलली की बासरी सुरात कशी ठेवावी

डिसेंबरातल्या पुण्यात उघड्या मंडपात रात्रीची मैफल असते. तंबोरा लावून झालेला असतो, तबला मिळालेला असतो, आणि बासरीचा पहिला षड्ज निघतो तो उतरलेला. तीच बासरी मे महिन्यात नागपूरला न्यावी तर ती चढलेली. नवखा वादक अशा वेळी आपल्या फुंकेला दोष देतो, नाहीतर बासरीला.

मी बासरीला दिला होता. शिकायला लागून दोनच वर्षे झाली होती. थंडीतल्या एका पहाटे चारही बाजूंनी सूर उतरलेले वाटले, म्हणून बोटांची भोके गोल कानशीने थोडी थोडी मोठी केली. त्या पहाटे बासरी ट्यूनरवर अगदी बरोबर आली. होळी उलटल्यावर ती इतकी चढली की तंबोऱ्याशी जुळेचना. बांबूत काहीही बिघाड झालेला नव्हता, फक्त हवा गार होती. घासलेला बांबू परत येत नाही. भोकांच्या कडेला मेण लावून ती बासरी मी कशीबशी वापरती ठेवली.

म्हणून पुढची सारी कृती एका वाक्यावर उभी आहे : हवेची चूक बांबूवर काढू नका.

सूर का हलतो

बासरीत वाजते ती आतली हवा. तिची कंपने किती वेगाने होणार हे नळीची लांबी आणि हवेतला ध्वनीचा वेग या दोन गोष्टी ठरवतात. लांबी जवळजवळ बदलत नाही. पाऊण मीटर बांबू वीस अंशांनी तापला तरी केसाच्या जाडीएवढाच वाढतो. ध्वनीचा वेग मात्र तापमानाबरोबर चांगलाच बदलतो : ० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर, २० अंशांना ३४३, ३० अंशांना ३४९. हवा तापली की वेग वाढतो आणि सूर चढतो.

हिशेब सोपा आहे. एका अंशाला सुमारे ३ सेंट. १०० सेंट म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर. म्हणजे २५ अंशांना जुळवलेली बासरी १५ अंशांच्या हवेत ३० सेंटच्या आसपास उतरेल आणि ३५ अंशांना तेवढीच चढेल. पांढरी तीनच्या बासरीचा षड्ज ३२९.६ हर्ट्झचा धरला, तर आतली हवा दहा अंशांनी तापल्यावर तो ३३५ च्या घरात जातो. हा फरक सामान्य श्रोत्यालाही खुपतो. वाजवताना आपल्या श्वासाची ऊब नळीत भरत असल्यामुळे थंडीतली प्रत्यक्ष घसरण या हिशेबापेक्षा कमी असते. पुढे आपण याच उबेचा उपयोग करून घेणार आहोत.

आर्द्रतेचा परिणाम याच दिशेचा, पण लहान. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, म्हणून दमट हवेत ध्वनी किंचित वेगाने जातो. २० अंशांना पूर्ण कोरडी आणि पूर्ण दमट हवा यांत सुमारे ६ सेंटचा फरक पडतो, ३० अंशांना ११-१२ सेंटचा. शिवाय वाजत्या बासरीत वादकाचा श्वास असतो आणि तो नेहमीच दमट असतो. त्यातल्या वाफेने सूर चढतो, कार्बन डायऑक्साइडने उतरतो, आणि दोन्ही एकमेकांना बरेचसे छेदतात. त्यामुळे मैफलीपुरता विचार तापमानाचा करावा. आर्द्रता बांबूच्या प्रकृतीवर काम करते, आणि ते महिनोन्‌महिने चालते.

सूर सांगताना तापमानही सांगण्याची शिस्त जुनी आहे. फ्रान्सने १८५९ साली ‘ला’ हा स्वर ४३५ कंपनांवर बांधला तो १५ अंश तापमानासाठी. लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीने १८९६ मध्ये ४३९ हा आकडा घेतला, कारण त्यांचे सभागृह उबदार असे आणि १५ अंशांना ४३५ वर असलेले फुंकवाद्य २० अंशांना ४३९ च्या जवळ पोचते. आपल्याकडे बासरी घेताना पट्टी विचारली जाते, तापमान विचारले जात नाही. ते विचारायला हवे.

साहित्य

१. आपली नेहमीची बासरी, आणि शक्य असल्यास त्याच पट्टीची दुसरी, किंचित चढी.
२. सेंट दाखवणारा ट्यूनर. मोबाइलवरचा चालेल.
३. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारे छोटे घरगुती यंत्र.
४. वही आणि पेन्सिल.
५. जुन्या धोतराचे किंवा मलमलीचे मऊ कापड आणि ते गुंडाळायला नळीपेक्षा लांब लाकडी गज.
६. शाल किंवा लोकरी कापड.
७. मोहरीचे किंवा बदामाचे तेल, दोन-चार थेंब.
८. कापडी पिशवी आणि तिच्यावर घालायची टणक नळी.

कृती : पहिला भाग, बासरीची नोंदवही

हा भाग घरी करायचा. वर्षभरात सात-आठ वेळा केला की पुरे.

१. बासरी पिशवीतून काढून अर्धा तास खोलीत उघडी ठेवा. पंखा बंद. खोलीचे तापमान आणि आर्द्रता वहीत लिहा.

२. काहीही न वाजवता थेट मध्य षड्ज लावा, म्हणजे वरची तीन भोके झाकून. मध्यम जोराची फुंक, पाच सेकंद. ट्यूनरचा आकडा लिहा. हा ‘गार आकडा’.

३. दहा मिनिटे मंद्र आणि मध्य सप्तकात लांब सूर लावा. ताना नकोत.

४. पुन्हा तोच षड्ज, तेवढ्याच जोराने. हा ‘तापलेला आकडा’. दोन्हींतला फरक हा तुमच्या बासरीचा आणि तुमच्या श्वासाचा स्वभाव आहे.

५. आता सहाही भोके झाकून मंद्र पंचम लावा आणि त्याचाही आकडा लिहा. गार हवेत हा पंचम षड्जापेक्षा जास्त उतरलेला आढळेल. तोंडाकडचा भाग श्वासाने तापतो, दुसरे टोक गारच राहते, आणि पंचमाला जवळजवळ सगळी नळी लागते. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी लांब, भारदस्त आवाजाची बासरी रागसंगीतात रुजवली. आज मैफलीत दिसणारी सुमारे ७५ सेंटिमीटरची बासरी त्याच वाटेने आली. तिचा मंद्र हे तिचे वैभव आहे आणि थंडीत आधी तोच ढळतो.

६. हीच नोंद थंडीतल्या पहाटे, एप्रिलच्या दुपारी, श्रावणात आणि वातानुकूलित खोलीत करा. एका वर्षात तुमच्याकडे त्या एका बासरीचे पंचांग तयार होते. त्यानंतर मंडपात शिरताच तापमान पाहून ती किती सेंट सरकणार हे सांगता येते.

कृती : दुसरा भाग, मैफलीच्या दिवशी

१. बासऱ्या गाडीत बंद करून ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत बांबू भाजून निघतो आणि चीर पडण्याची भीती असते. बासरी अंगाजवळ, सावलीत न्या.

२. कार्यक्रमाच्या किमान पाऊण तास आधी पोचा. पिशवी स्वरमंचावर ठेवा, ग्रीनरूममध्ये नको. ग्रीनरूम वातानुकूलित आणि मंच उघड्यावर, किंवा उलट, असे बऱ्याचदा असते. बासरीला जिथे वाजायचे आहे तिथली हवा लागू द्या.

३. बसायची जागा पाहून घ्या. वातानुकूलनाचा झोत डोक्यावर येत असेल तर जागा बदलायला सांगा. टेबलपंखा बाजूला वळवून घ्या. तो फुंक मोडतो आणि नळीही गार करतो. दिवे तोंडाजवळ असतील तर ते आधीच लावून ठेवायला सांगा. दिवे ऐनवेळी लागले की पहिल्या दहा मिनिटांत सूर वर सरकतो.

४. बासरी आतून उबदार करा. मुखरंध्र ओठांनी पूर्ण झाका, बोटांची सगळी भोके बंद करा, आणि आवाज न काढता श्वास हळूच आत सोडा. चहा गार करताना आपण ‘फू’ करतो आणि चष्म्याची काच पुसताना ‘हाऽ’ करतो. इथे ‘हाऽ’ हवा. असे आठ-दहा श्वास घ्या. गार हवा असेल तर नळीत दव जमते. गजावर कापड गुंडाळून एकदा पुसून घ्या, कारण मुखरंध्राच्या कडेला थेंब आला तर आवाज फाटतो.

५. आता पाच-सात मिनिटे लांब सूर लावा. मंद्र पंचम स्थिर वाटेपर्यंत थांबा. सभागृह कितीही घाईत असले तरी ही मिनिटे सोडू नका.

६. ट्यूनरवर षड्ज पाहा. वहीतल्या अंदाजाशी जुळतो का ते बघा. जुळत नसेल तर बहुधा फुंक कमी-जास्त होते आहे. दोन श्वास थांबून पुन्हा लावा.

७. दुसऱ्या बासऱ्या शालीत गुंडाळून मांडीजवळ ठेवा. मोठी बासरी ठेवून धुनेसाठी छोटी उचलली की ती गार असते आणि पहिल्या ओळीतच उतरते. उचलण्यापूर्वी तिलाही चार श्वासांची ऊब द्या. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

८. वाजवायला लागल्यावर साधारण दहा मिनिटांनी, आलाप एखाद्या षड्जावर विसावला की, कान देऊन ऐका. सूर वर गेला असेल तर तंबोरा तेवढा वर घ्या. असे करण्यात कमीपणा नाही. न जुळलेल्या सुरावर तास काढण्यापेक्षा मध्येच दहा सेकंद थांबणे श्रोत्यांवर उपकार करणारे आहे.

कृती : तिसरा भाग, साथीशी मेळ

हवा एकच असते, पण प्रत्येक वाद्य तिला वेगळे उत्तर देते. उष्णतेने बासरी चढते. तंबोऱ्याची तार तापली की सैल होते आणि उतरते. पेटीच्या धातूच्या पट्ट्या जवळजवळ जागेवरच राहतात. तबल्याची पुडी दमट हवेत सैलावते आणि कोरड्या उष्णतेत ताणली जाते. दिव्यांखाली बासरी वर आणि तंबोरा खाली अशी दोघांची पांगापांग होते ती यामुळेच. म्हणून क्रम पाळा.

१. आधी बासरी तापवा. गार बासरीवर काहीही लावून घेऊ नका.

२. तापलेल्या बासरीच्या षड्जावर तंबोरा लावा. इलेक्ट्रॉनिक तंबोरा असेल तर त्याची बारीक कळ फिरवून षड्ज बासरीपर्यंत आणा. तंबोरा हलू शकतो, एकसंध बांबूची बासरी हलू शकत नाही. त्यामुळे जमवून घ्यायचे ते तंबोऱ्याने.

३. तबला सर्वांत शेवटी मिळवायला सांगा, आणि तबलजींना हवेची कल्पना द्या. पावसाळ्यात पुडी पुन्हा उतरणार हे त्यांनाही ठाऊक असते. हातोडी जवळ असू द्या.

४. पेटीची साथ असेल, किंवा भजनात, नाट्यपदाला गायकाबरोबर वाजवायचे असेल, तर सूर पेटीचाच राहणार. इथे बासरीने जुळवून घ्यायचे. चढत असेल तर बासरी किंचित आत, म्हणजे ओठांकडे वळवा आणि फुंक मऊ करा. मुखरंध्र जास्त झाकले गेले की सूर उतरतो. उतरत असेल तर किंचित बाहेर वळवा आणि फुंक थोडी भरीव करा.

५. या वळवण्याला मर्यादा आहे. दहा-पंधरा सेंटपर्यंत आवाजाचा पोत टिकतो. त्यापुढे चढे करताना आवाज फुसफुसतो, उतरवताना गुदमरतो. फरक त्याहून मोठा असेल तर दुसरी बासरी घ्या. पेटीबरोबर नेहमी वाजवणाऱ्याने थंडीसाठी एक किंचित चढी बासरी जवळ ठेवावीच.

६. दोन तुकड्यांची, मध्ये सांधा असलेली बासरी असेल तर उष्णतेत सांधा एक-दोन मिलिमीटर बाहेर ओढा. त्याने सूर उतरतो. थंडीसाठी या सांध्याचा उपयोग नाही, कारण तो आधीच पूर्ण बसलेला असतो. आणखी एक : सांधा ओढल्यावर सगळे स्वर सारखे उतरत नाहीत, मुखरंध्राजवळचे जास्त उतरतात. म्हणून ओढणे थोडेच असावे.

कृती : चौथा भाग, बांबूची निगा

तापमान सूर हलवते आणि तास-दोन तासांत परत देते. आर्द्रतेने केलेले नुकसान भरून येत नाही. बांबू पाणी शोषतो आणि सोडतो. शोषताना त्याची भिंत जाडीत फुगते, सोडताना आकसते. हे सगळीकडे सारखे झाले नाही की चीर जाते.

१. वाजवून झाल्यावर दर वेळी नळी आतून पुसा. तोंडाकडचा भाग जास्त ओला असतो, तिथे कापड दोनदा फिरवा. पंधरा मिनिटे सावलीत उघडी ठेवा आणि मगच पिशवीत घाला. ओली बासरी प्लास्टिकमध्ये कोंडू नका.

२. कोकण, मुंबई, गोव्यात पावसाळ्यात हवा दिवसेंदिवस ८५-९० टक्क्यांवर असते. बासरी भिंतीला टेकवून ठेवू नका, कपाटाच्या तळाशी तर नकोच. आठवड्यातून दोनदा बाहेर काढून वाजवा. टणक नळीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवा. बुरशीचा डाग दिसला तर कोरड्या कापडाने पुसा, पाण्याने धुऊ नका. पिशवीत बारीक पिवळसर भुसा पडला असेल तर बांबूला कीड लागली आहे. ती बासरी लगेच इतरांपासून वेगळी करा.

३. पाऊस संपून कोरडी हवा सुरू होते तो ऑक्टोबर-नोव्हेंबरचा काळ सर्वांत जोखमीचा. फुगलेला बांबू या दिवसांत आकसतो. तेल द्यायचे ते या आधी. कापडावर दोन-तीन थेंब घेऊन आतून पातळ हात फिरवा, रात्रभर आडवी ठेवा, सकाळी कोरड्या कापडाने पुसा. तेल निथळता कामा नये. मुखरंध्राची कड आणि बोटांच्या भोकांच्या कडा कोरड्या ठेवा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात महिन्याला एकदा, एरवी दोन-तीन महिन्यांनी एकदा तेल पुरते.

४. बासरीवरचे दोऱ्याचे वेढे शोभेचे नाहीत. चीर पसरू नये म्हणून ते असतात. कोरड्या हवेत बांबू आकसला की वेढे ढिले होतात. बोटाने सरकत असतील तर कारागिराकडून पुन्हा बांधून घ्या.

५. अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या मराठी घरांनी हिवाळ्यात विशेष जपावे. घर तापवल्यावर आतली आर्द्रता बऱ्याचदा ३० टक्क्यांच्या खाली जाते आणि आसाम-सिलचरकडच्या दमट प्रदेशात वाढलेला बांबू तिथे तडकतो. खोलीत ४० ते ६० टक्के आर्द्रता राखा. ते जमत नसेल तर भोके पाडलेल्या छोट्या डबीत ओला स्पंज घालून ती डबी बासरीच्या पेटीत ठेवा. स्पंज बांबूला लागू देऊ नका. बाहेरच्या बर्फातून आलेली बासरी पेटीतच अर्धा तास राहू द्या, मग उघडा, आणि लगेच गरम श्वास भरू नका. एकदम तापलेली आतली बाजू आणि गारठलेली बाहेरची बाजू यांच्या ओढाताणीत चीर जाते.

सनई आणि क्लॅरिनेट वाजवणाऱ्यांसाठी

हवेच्या तापमानाचा नियम तोच आहे, पण इथे पत्ती मध्ये येते. सनईची पत्ती कोरड्या हवेत ताठरते आणि बोलत नाही, फार भिजली तर मवाळ होते. म्हणून तीन-चार पत्त्या हाताशी ठेवाव्यात आणि पुढची वाजवायच्या आधी ओठांत भिजवून घ्यावी. पत्ती थोडी आत-बाहेर करून सूर चढवता-उतरवता येतो, ही सोय बासरीला नाही. बँडपथकातल्या लाकडी क्लॅरिनेटचा सूर उन्हात चढला की वरचा सांधा किंचित ओढावा. थंड सकाळी वरातीच्या आधी ते अंगाजवळ धरून उबदार करावे. थंड लाकडात जोराने फुंकल्यास तेही तडकते.

या गोष्टी करू नका

१. बासरी उन्हात, हीटरवर किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने तापवू नका. ऊब श्वासाची किंवा अंगाचीच द्या.
२. आतले बूच हलवून सूर लावायचा प्रयत्न करू नका. त्याने सप्तकांचा आपसातला मेळ बिघडतो.
३. सूर उतरला म्हणून नळीत पाणी घालू नका.
४. गार बासरीवर ट्यूनर पाहून निष्कर्ष काढू नका.
५. विकत घेताना दुकानात दोन फुंका मारून पट्टी ठरवू नका. दहा मिनिटे वाजवा, खोलीचे तापमान पाहा, मग आकडा बघा. कारागिराला विचारा की ही कोणत्या महिन्यात, किती उष्णतेत जुळवली. चांगला कारागीर हे सांगतो.
६. एका दिवसाच्या आकड्यावरून कानस हातात घेऊ नका.

शेवटच्या मुद्द्यावर माझा आग्रह आहे. एखादा स्वर खरोखरच चुकलेला आहे की नाही हे ठरवायला तीन वेगवेगळ्या ऋतूंतल्या नोंदी लागतात. तापलेल्या बासरीवर तिन्ही वेळा बाकीचे स्वर षड्जाशी बरोबर आणि तोच एक स्वर चुकीचा दिसला, तर दोष भोकाचा. सगळेच स्वर मिळून सरकले असतील तर दोष हवेचा. पहिला दोष कारागीर दुरुस्त करेल. दुसऱ्याला दहा मिनिटांची ऊब आणि तंबोऱ्याची एक कळ पुरते.